एका घरातले दोन स्पर्धक

त्या रविवारी सकाळी आमच्या घरात दोन लॅपटॉप उघडे होते, आणि आम्ही दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही असं ठरलं होतं. मी बैठकीच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो होतो. बायको स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलाशी. एप्रिलचं ऊन सकाळीच अंगणात उतरलं होतं. मधल्या दाराशी कूलर घरघरत होता आणि त्याच्या आवाजात तिच्या कीबोर्डचा आवाज बुडून जात होता. मी तो ऐकण्याचा प्रयत्न करत होतो.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते आधी सांगतो. जगातल्या काही मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या प्रोग्रामिंगची स्पर्धा घेतात. ठरलेल्या वेळी देशोदेशीचे हजारो लोक आपापल्या घरी बसून तेच प्रश्न उघडतात. प्रश्न वाचायला गोष्टीसारखे वाटतात, सोडवायला घेतले की घाम फोडतात. उत्तर म्हणून प्रोग्राम लिहून पाठवायचा. कंपनीचं यंत्र तो आपल्याला न दाखवलेल्या आकड्यांवर चालवून पाहतं. बरोबर निघाला तर हिरवी खूण, चुकला तर लाल. शेवटच्या फेरीला मोजके लोक परदेशात जातात. ते आमच्यासारख्यांचं काम नाही. आमच्यासारख्यांचं स्वप्न दुसऱ्या फेरीपर्यंतच असतं, कारण दुसऱ्या फेरीत बऱ्यापैकी वर आलेल्यांना कंपनी एक टी-शर्ट पाठवते. साधा सुती टी-शर्ट. पण तो कुठल्याच दुकानात मिळत नाही.

मी वर्ध्यातल्या एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवतो. पन्नाशीला टेकलो आहे. कित्येक वर्षं मी या स्पर्धेत बसतो आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडतो. माझ्याबरोबर बसणारे माझे विद्यार्थी पुढे गेले, नोकऱ्यांना लागले, स्पर्धा विसरले. मी बसतच राहिलो. पहिल्या फेरीचे दोन भाग असतात. त्या वर्षी एक भाग त्या रविवारी सकाळी होता आणि दुसरा पुढच्या रविवारी दुपारी. पहिल्यात जमलं नाही तर दुसऱ्यात बसता येतं. एकदा पार झालात की परत बसायचं नाही. दोन्ही हुकले की ते वर्ष गेलं.

त्या वर्षी बायको पहिल्यांदाच बसली होती. ती पार होते की नाही, एवढाच प्रश्न त्या आठवड्यात आमच्या घरात होता. आणि ती पार व्हावी असं मला मनापासून वाटत नव्हतं. हे वाक्य मी आधी दोनदा लिहून खोडलं आहे. आता राहू देतो.

ती सेलूजवळच्या एका शाळेत गणित शिकवते आणि रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात मुलांचा वर्ग घेते. माहेर तळेगावचं. संगणकाशी तिचा संबंध शाळेचे निकाल भरण्यापुरता. एका संध्याकाळी मी जुन्या स्पर्धेतला एक प्रश्न घेऊन बसलो होतो आणि ती समोर अंबाडीची भाजी निवडत होती.

"काय आहे त्याच्यात? केव्हाचे डोकं धरून बसले तुम्ही."

मी सांगितलं. एका रांगेत दिवे आहेत, काही पेटलेले, काही विझलेले. एक बटण दाबलं की शेजारशेजारचे दोन दिवे उलटे होतात, पेटलेला विझतो, विझलेला पेटतो. बटणं कितीही दाबा. सगळे दिवे विझतील का?

मी सगळ्या शक्यता तपासणारा लांबलचक प्रोग्राम लिहीत होतो. तो इतका सावकाश चालायचा की यंत्र त्याला मध्येच थांबवायचं.

तिनं देठ मोडत म्हटलं, "पेटलेले किती आहेत ते मोजा ना."

"तेवढ्यानं काय होते?"

"दरवेळी दोनच दिवे बदलतात ना? मंग पेटलेले विषम असले तर एक सुटणारच. सम असले तर सरकवत सरकवत जोड्या लावा अन् विझवा. याच्यात एवढा प्रोग्राम कायले पाहिजे?"

मी चार ओळी लिहून पाठवल्या. हिरवं आलं. मी तिला म्हणालो, "तसा सोपाच होता." ती भाजीचं टोपलं घेऊन आत गेली. मी तिथेच बसून राहिलो आणि त्या चार ओळींकडे पाहत राहिलो. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो आनंद नव्हता, एवढं मला तेव्हाच कळलं होतं.

तिला प्रोग्रामिंग शिकवायचं हे आमच्या मुलीच्या डोक्यातून निघालं. मुलगी नागपूरला वसतिगृहात राहते. तिनं फोनवरूनच फर्मान काढलं, "बाबा, आईले शिकवा. नाईतर मी शिकवतो, अन् मंग तुमची खैर नाई." मग मी शिकवलं. आणि शिकवलं चांगलं, हे मी स्वतःच्या बाजूनं सांगू शकतो. जोवर ती माझ्या मागे होती तोवर मी फार उदार शिक्षक होतो. चहा करून आणायचो. तिची चूक सापडली की हळू आवाजात सांगायचो. कॉलेजात लोकांना सांगायचो की घरी माझी एक नवी विद्यार्थिनी आहे, फार हुशार आहे. त्यात तिचं कौतुक किती आणि माझं किती, हे ऐकणाऱ्याला कळत नसेल, मला कळायचं.

वर्षभरात ती पुढे गेली. सरावाच्या प्रश्नांत तिचं हिरवं माझ्या आधी येऊ लागलं. ते आलं की मी आधी तिच्या ओळी मोजायचो, मग तिनं चलांना, म्हणजे आकडे साठवायच्या जागांना, दिलेली नावं पाहायचो. ती मराठी नावं द्यायची, 'उरलेले', 'डावीकडचे', 'पहिलं_घर'. "असं चालत नाही, पद्धत असते," मी म्हणायचो. ती म्हणायची, "यंत्राले चालते ना? मंग तुम्हाले काऊन खुपते?" स्पर्धेत सगळे एखादं टोपणनाव घेतात. बहुतेकांची नावं काहीतरी भयंकर असतात, ड्रॅगन, वादळ, त्यापुढे आकडे. हिनं इंग्रजी अक्षरांत 'तळेगावची' असं लिहून टाकलं. जगभरातल्या ड्रॅगनांच्या रांगेत तळेगावची.

एकदा तिचा प्रोग्राम बरोबर असूनही वेळेत पुरा होत नव्हता, सारखं लाल येत होतं. तिनं विचारलं, "काऊन हो? माझं गणित तर बरोबर आहे." कारण मला लगेच दिसलं. पुष्कळ आकडे वाचून घ्यायची एक जलद पद्धत असते, ती तिला मी शिकवलीच नव्हती. एका ओळीचं काम होतं. मी म्हणालो, "शोध. स्वतः शोधलं की लक्षात राहते." शिक्षकाला शोभेल असंच वाक्य होतं ते. ती त्या प्रश्नावर तीन संध्याकाळी बसली. शेवटी मुलीला विचारून तिनं ते काढलं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबानं सांगतलं नाई? कमाल आहे." मी पेपर वाचत होतो, पान उलटलं.

आता त्या रविवारकडे येतो. तीन प्रश्न सुटले की माणूस बहुतेक पार होतो, असा माझा इतक्या वर्षांचा अंदाज आहे. माझे दोन झाले होते आणि तिसरा अर्ध्यावर होता. स्पर्धा चालू असताना सगळ्यांचे गुण दाखवणारा फलक उघडून पाहता येतो. मी विद्यार्थ्यांना सांगतो, फलक पाहू नका, लक्ष जातं. मी स्वतः मात्र दर थोड्या वेळानं तो उघडत होतो आणि तिचं नाव शोधत होतो. तिचेही दोन झाले होते, आणि माझ्यापेक्षा लवकर झाले होते.

मग माझा तिसरा सुटला. हिरवं आलं. मी खुर्चीतल्या खुर्चीत हात वर केले, पण तोंडातून आवाज काढला नाही, कारण ठरलं होतं. फलकावर माझं नाव पार होणाऱ्यांच्या रेषेच्या वर सरकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी उठलो. मला पाणी प्यायचं होतं, हे खरं आहे. पाण्याचा माठ स्वयंपाकघरात आहे, हेही खरं आहे.

ती पाठमोरी बसली होती. केस वर बांधलेले, चष्मा नाकावर खाली आलेला. स्क्रीनवर तिचा तिसरा प्रोग्राम जवळजवळ पुरा झालेला दिसत होता. मी माठातून पाणी घेतलं आणि पीत पीत वाचत गेलो. सुंदर लिहिला होता. तिनं जी युक्ती काढली होती ती माझ्यापेक्षा सरळ होती. मी वळसा घालून जिथे पोचलो होतो तिथे ती सरळ रस्त्यानं आली होती. मी पुन्हा वरपासून वाचू लागलो. आणि त्याच क्षणी मला तिची चूक दिसली.

ही चूक आमच्या या खेळातल्या प्रत्येकाकडून कधी ना कधी होते. यंत्र एकच नमुना, म्हणजे आकड्यांचा एकच संच, देत नाही, एकामागून एक पुष्कळ नमुने देतं. प्रत्येक नवा नमुना सुरू करण्याआधी जुन्या नमुन्याची मोजणी पुसून टाकावी लागते, फळा पुसल्यासारखी. तिनं मोजणी ठेवायची जागा वरती, सगळ्यांच्या आधी मांडली होती आणि पुढे कुठेच ती रिकामी केली नव्हती. कंपनीनं दाखवलेले नमुने इतके लहान होते की त्यांत ही चूक उघड होत नव्हती. खऱ्या तपासणीत नक्की झाली असती. लाल आलं असतं, आणि मग तिनं शोधलं असतं. किंवा शोधलं नसतं.

ही स्पर्धा एकट्याची असते. दुसऱ्यानं एक शब्दही सांगायचा नाही, हा नियम दोघांनी सकाळीच चहा पिताना एकमेकांना वाचून दाखवला होता.

मी म्हणालो, "मोजणी पुस. दर वेळी पुसावी लागते."

तिचे हात कीबोर्डवर थांबले. तिनं मान वळवली नाही. स्क्रीनवर जिथे बघायला हवं होतं तिथे तिची नजर गेली असणार, कारण तिचे खांदे खाली आले. मग तिनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

"कायले सांगतलं तुम्ही?"

"निघून गेलं तोंडातून."

"जा तुम्ही बाहेर."

मी बाहेर आलो. फलक उघडून बसलो. वेळ भरपूर होता. एक ओळ घालायची आणि पाठवायचं, एवढंच तिला करायचं होतं. तिच्या नावापुढचा तिसरा रकाना रिकामाच राहिला. दुसरे लोक वर चढत गेले, तिचं नाव खाली खाली सरकत रेषेच्या खाली गेलं आणि स्पर्धा संपली तेव्हा तिथेच होतं.

दहावीच्या परीक्षेत ती ज्या खोलीवर पर्यवेक्षक असते त्या खोलीतली मुलं आधीच तोंड पाडून बसतात. गावातल्या एका मोठ्या माणसाच्या मुलाची चिठ्ठी तिनं धरली होती, तेव्हा घरापर्यंत लोक आले होते, आणि ती दारात उभी राहून "पेपर त्याचा आहे, मले सांगून काय फायदा" म्हणाली होती. मी तेव्हा तिच्या मागे उभा होतो. वीस-बावीस वर्षं मी या बाईबरोबर राहतो आहे. सांगितलेलं उत्तर ती पाठवणार नाही हे मला माहीत नव्हतं, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

स्पर्धा संपली की सरावासाठी तेच प्रश्न पुन्हा उघडतात. तेव्हा पाठवलेलं मोजलं जात नाही. तिनं ती एक ओळ घातली आणि पाठवून पाहिलं. मी दारात उभा होतो. हिरवं आलं.

"पाहा," मी म्हणालो, "बरोबरच होता तुझा."

तिनं लॅपटॉप मिटला. "तुम्ही नसतं सांगतलं तर मले ते सापडलं असतं का?"

"सापडलं असतं."

"तुम्हाले काय माहीत? मलेच माहीत नाई. आता ते कधीच समजणार नाई मले." मग थोडं थांबून ती म्हणाली, "त्या आकडे वाचायच्या टायमाले विचारत होती तर सांगतलं नाई. तीन दिवस झुरवलं. अन् आज न विचारता सांगून राह्यले. तुमचं काय चालू आहे हो?"

मी तिला वाचवायला बोललो का? तिच्या यशात माझा एक शब्द असावा, पुढे कधी "ती चूक मीच दाखवली होती" म्हणता यावं, म्हणून बोललो का? की बोललं तर ती थांबेल हे आतून कुठेतरी ठाऊक होतं म्हणून? मी तिन्ही कारणं पुष्कळदा उलटसुलट करून पाहिली आहेत. पहिलं कारण सगळ्यात कमजोर निघतं.

ती संध्याकाळी नेहमीसारखी विहारात गेली. जेवायला वाढलं. "पार झाले ना तुम्ही?" एवढं तिनं ताटावरून विचारलं, आणि मी हो म्हणालो. "चांगलं झालं. एवढी वर्षं झाली," ती म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला जेवण गेलं असतं.

सोमवारी कॉलेजात सगळ्यांना कळलं होतं. विद्यार्थ्यांनी मला स्टाफरूमच्या दारात गाठून टाळ्या वाजवल्या. एका सहकाऱ्यानं आलुबोंडे मागवले. "सर, आता शर्ट आला की घालूनच यायचं हं, इस्त्री करून." सगळे हसले, मीही हसलो. मग त्यानंच विचारलं, "वहिनीही बसल्या होत्या म्हणे. त्यांचं काय झालं?"

"तिचं थोडक्यात हुकलं," मी म्हणालो.

"अरे! पहिल्यांदा होता है. शिकवणारा घरी बसला आहे, पुढच्या वेळी निघतील." आणि त्यानं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी त्या नजरेला मान हलवली. आलुबोंडा गरम होता, चांगला होता, मी दुसराही घेतला. आठवड्यात पुढे कधीतरी मला वाटत होतं की जाऊन त्याला खरं सांगावं. गेलो नाही.

शनिवारी संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या दुपारी तुम्ही घरी नका राहू."

"मी आत बसतो. दिसणार नाई तुले."

"दिसायचं नाई हो. घरात आहे एवढं माहीत असलं तरी माझं ध्यान तुमच्याकडे राहते. कुठंही जा. सिनेमाले जा."

मी सिनेमाला गेलो नाही. दुपारी स्टेशनवर गेलो आणि नागपूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसून सिंदीला उतरलो. सिंदीत माझं काही काम नव्हतं. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं आणि रविवारी दुपारी कोणी काही विचारणार नव्हतं, म्हणून. प्लॅटफॉर्मवर एका झाडाखालच्या बाकावर बसलो. ऊन असं होतं की रुळांकडे पाहवत नव्हतं. मी फोन काढला आणि फलक उघडला.

स्पर्धा सुरू होऊन बराच वेळ झाला होता. तिचा पहिला झाला होता. थोड्या वेळानं दुसरा झाला. मी तिसरा प्रश्न फोनवरच उघडून वाचला. रांगेतल्या घरांच्या उंचीचा प्रश्न होता. अवघड होता, पण तिच्या धाटणीचा होता, जोड्या आणि बाक्या जुळवायचा. आणि त्यात एक खड्डा होता. सगळी घरं सारख्याच उंचीची असली तर नेहमीचा हिशोब कोलमडत होता. तेवढी एक गोष्ट वेगळी सांभाळावी लागणार होती.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा येऊन बसला. हातात कापडी पिशवी, वर्ध्याला नातवाकडे निघाला होता. पूर्वी इथल्याच एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, असं त्यानं न विचारता सांगितलं. मग माझ्या फोनकडे मान झुकवली.

"काय पाहून राह्यले भाऊ, मॅच काय?"

"मॅचच समजा."

"कोण खेळून राह्यलं?"

"माझी बायको."

तो थोडा मागे सरकून माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणालो, "घरून खेळते. गणिताचे प्रश्न असतात, कॉम्प्युटरवर. साऱ्या जगातले लोक आहेत."

"बापा! मंग स्कोअर काय झाला?"

"तीन काढले तर पार होते. दोन झाले."

"टाइम किती आहे?"

"आहे अजून. अर्ध्या तासाच्या वर."

"मंग काढते ना आरामात. तुम्ही काऊन असं तोंड करून बसले?"

मी काही बोलायच्या आत फलक हलला. तिच्या तिसऱ्या रकान्यात लाल खूण आली होती.

"लाल झालं," म्हातारा म्हणाला. "औट झाल्या काय बाई?"

"नाही. परत करता येते. थोडा दंड लागतो."

"मंग नोबॉल समजा."

मला ते लाल कशाचं होतं हे माहीत होतं. सारख्या उंचीची घरं. ती त्या खड्ड्यात पडली होती. आणि मला बरं वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी घशाखाली उतरावं तसं ते बरं वाटणं आत उतरत गेलं, आणि मी ते थांबवलं नाही. फोन माझ्याच हातात होता. तिचा फोन नंबर यादीत सगळ्यात वर होता. सांगितलं तर ती पुन्हा हात मांडीवर ठेवणार, या वेळी कायमचे. न सांगता बसलो तर मी नियमानं वागतो आहे. दोन्हीकडून मला हवं तेच होणार होतं. माझ्यासाठी इतकी सोयीची जागा आयुष्यात दुसरी आली नसेल, आणि ती मला किती ओळखीची वाटली याचीच मला भीती वाटली. मी फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

"अरे, पाहा ना भाऊ! बंद कायले केला?" म्हातारा बेचैन झाला. "बाई तिकडं लढून राह्यली अन् तुम्ही फोन उलटा करून बसले. पाहा, पाहा."

त्यानं इतका आग्रह केला की मी फोन सुलटा केला. आम्ही दोघं पाहत बसलो. तो मध्येच विचारायचा, "लोकं किती आहेत पुढं? ते चिनी आहेत काय? हा वरचा कोण, याले कोणी धरत नाई काय?" तिला कधी पाहिलंही नव्हतं त्या माणसानं, आणि तिनं जिंकावं म्हणून तो बाकाच्या कडेला येऊन बसला होता. ते मला जमत नव्हतं.

तिसरा रकाना हिरवा झाला.

"घेतला!" म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "म्हटलं नवतं मी? चला, पेढे काढा आता."

तिचं नाव रेषेच्या वर गेलं होतं, चांगलं वर. मी हसलो, पण ते हसू तोंडावर यायला वेळ लागला, आणि म्हाताऱ्यानं ते पाहिलं असावं. वर्ध्याची गाडी आली. तो पिशवी घेऊन उठला. "या ना, वर्ध्यालेच ना तुम्ही?"

"मागच्यानं येतो."

तो डब्याच्या दारातून हात हलवत गेला. मी बसून राहिलो. घरी दार उघडलं की तिला माझा चेहरा दिसणार होता, आणि तो अजून नीट बसला नव्हता.

स्पर्धा संपली आणि तिचाच फोन आला. "पाह्यलं?"

"पाह्यलं."

"लाल आलं तवा समजलं होतं तुम्हाले, कशाचं आहे ते?"

"हो."

"अन् फोन नाई केला."

"नाही केला."

"कसं वाटलं लाल पाहून? खरं सांगजा."

मालगाडी जात होती. ती जाईपर्यंत मला थांबता आलं असतं. मी म्हणालो, "बरं वाटलं."

तिकडे मागे विहाराच्या लाउडस्पीकरवर कोणीतरी जयंतीच्या मिरवणुकीची वेळ सांगत होतं, ते फोनमधून ऐकू येत होतं.

"अन् हिरवं आलं तवा?"

"तेव्हा वाईट वाटलं. मग थोडं बरं वाटलं. मग परत—"

"बस. समजलं." ती हसली की तिनं श्वास सोडला, ते नक्की कळलं नाही. "सगळी घरं एकाच उंचीची असली तर, हे मले उशिरा सुचलं. पण सुचलं. माझं मले सुचलं."

"हो."

"आता दुसरी फेरी दोघाची एकाच टायमाले आहे. मी बैठकीत बसणार, खिडकीपाशी. तुम्ही आतल्या खोलीत. दार लावून घ्यायचं."

"कोणी?"

"तुम्ही. तुमच्या हातानं, आतून कडी लावजा."

"अन् पाणी?"

"तांब्या भरून नेजा सोबत."

तिनं फोन ठेवला. पुढच्या गाडीला वेळ होता. पहिल्या भागातला क्रमांक आणि दुसऱ्या भागातला क्रमांक यांची तुलना करता येत नाही. प्रश्न वेगळे असतात, बसलेले लोक वेगळे असतात, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी समजावून सांगतो. मी फोन काढला, आधी माझा क्रमांक पाहिला, मग तिचा. ती वर होती. मी दोन्ही पुन्हा एकदा पाहिले. मग गाडी आली आणि मी चढलो.